एक टाक जास्त

मेडनहेड,
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

प्रिय शशिधर भाऊजी,
सप्रेम नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर तुम्ही ओळखलं असणार, आणि तरीही पाकीट फोडलंत, म्हणजे माझं निम्मं काम झालं. तुमचा क्रॉयडनचा पत्ता यशोधनच्या डायरीत सापडला, पोस्टकोडसकट. तो त्याने कधी आणि कुणाकडून मिळवला, मला माहीत नाही.

तब्येत कशी आहे? दोन वर्षांपूर्वी कुणीतरी म्हणालं होतं, की तुम्ही गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतलंत. एकाच गुडघ्याचं की दोन्ही? इकडे थंडी लवकर पडली आहे. मी खुशाल हीटिंग लावून बसते. पूर्वी नोव्हेंबर उजाडल्याशिवाय थर्मोस्टॅटला हात लावायची सोय नव्हती, ते तुम्हाला माहीत आहेच. आता वाद घालायला कुणी नाही.

यशोधन फेब्रुवारीत गेला. पॅन्क्रियाजचा कॅन्सर. निदान झाल्यापासून अकरा आठवडे. तुम्हाला कुठून तरी कळलं असेल. मी कळवलं नाही. कोणत्या तोंडाने कळवणार होते? सुलक्षणा गेली तेव्हा आम्ही आलो नाही, फोन केला नाही, साधं कार्डसुद्धा टाकलं नाही. यॉर्कशरच्या हॉस्पिटल क्वार्टर्समध्ये जिने मला पहिल्या थंडीत स्वतःचा कोट दिला होता, तिच्यासाठी माझ्याकडून एक कार्ड गेलं नाही.

आता मुद्द्याचं. यशोधनचं ते नाणं सापडलं. पोतोसीचं, सोळाशे सत्तावन्न सालचं, दोन खांबांचं. आमच्याच घरात होतं. ते कुणीही नेलेलं नव्हतं.

हे वाक्य मी कच्च्या कागदावर चार वेळा लिहून बघितलं. 'कुणीही' म्हणून आपली सुटका करून घेता येत नाही, हे दर वेळी लक्षात आलं. म्हणून सरळ लिहिते. तुम्ही ते नाणं नेलेलं नव्हतं.

तुमचे ते रविवार मला हल्ली फार आठवतात. महिन्याचा तिसरा रविवार. मला त्या नाण्यांचा राग यायचा, खोटं कशाला बोलू? माझ्या डायनिंग टेबलवर काळी मखमल पसरायची, भिंगं निघायची, आणि पन्नाशी उलटलेले दोन डॉक्टर एका वाकड्यातिकड्या चांदीच्या तुकड्यावरून तासन्‌तास हुज्जत घालायचे. मी त्यांना कुरतडलेली बिस्किटं म्हणायचे. सुलक्षणा हसायची आणि कोथिंबीर वड्या तळायला माझ्या किचनमध्ये शिरायची. एकदा तुम्ही मला समोर बसवून सगळं समजावलंत. चांदीची कांब ठोकून लांबवायची, तिचे तुकडे पाडायचे, कात्रीने कडा छाटत छाटत वजन बरोबर आणायचं, मग दोन साच्यांमध्ये ठेवून वरून घण मारायचा. घाव हाताचा, त्यामुळे कधी राजाचं नाव अर्धंच उमटायचं, कधी साल नाण्याच्या बाहेरच जायचं. टाकसाळीला वजनाशी मतलब होता, रूपाशी नाही, असं तुम्ही म्हणालात. त्यावर यशोधन म्हणाला, की माझ्याशी लग्न करताना त्याने नेमका उलटा विचार केला होता. तेव्हा मी त्याला भिंग फेकून मारायला निघाले होते.

आणि ते पारख्याचं अक्षर. चांदी शुद्ध आहे याची हमी म्हणून टाकसाळीचा पारखी आपल्या नावाचं एक अक्षर नाण्यावर ठोकायचा. दक्षिण अमेरिकेतल्या त्या पोतोसीत, स्पेनच्या राजाच्या टाकसाळीत, भेसळ उघडकीला आली तेव्हा त्या पारख्याला देहदंड झाला, राजाने जुनी नाणी नाकारली आणि साचाच बदलला. यशोधनचं नाणं त्या नव्या साच्याचं होतं. दोन खांब, खाली समुद्राच्या लाटा, आणि नव्या पारख्याचं E. हे तुम्ही दोघं इतक्या वेळा बोललात, की मलाही पाठ झालं.

आता ते नाणं गेलं कुठे होतं ते सांगते. तुम्हाला आमच्या सासूबाई आठवतात. वाईचं घर बंद करून त्या आमच्याकडे आल्या तेव्हा कपड्यांची बॅग एक आणि देवांची पेटी एक, एवढंच त्यांनी आणलं होतं. त्या पेटीत सात टाक होते. तुमच्या घरात ही पद्धत नव्हती, म्हणून सांगते. कुलदैवतांची रूपं चांदीच्या पत्र्यावर ठोकून घेतात आणि ती देवात पुजतात, ते टाक. घरात कुणी अकाली गेलं तर त्याचाही टाक करून देवात बसवतात, म्हणजे त्याला जागा मिळते, तो भटकत राहत नाही.

यशोधनचा थोरला भाऊ मुरलीधर एकोणिसाव्या वर्षी कृष्णेच्या पुरात गेला. हे यशोधनने तुम्हाला कधी सांगितलं होतं का? मला त्याने लग्नानंतर सहा वर्षांनी सांगितलं. मुरलीधर सापडलाच नाही. सासऱ्यांनी त्याचा टाक करू दिला नाही. टाक गेलेल्याचा करतात, आमचा पोरगा येणार आहे, असं म्हणत ते जगले आणि तसेच गेले. आईंनी पंचेचाळीस वर्षं त्या टाकाची वाट पाहिली. आमच्याकडे आल्यावर रोज दिवेलागणीला त्या पुढच्या दाराशी जाऊन उभ्या राहायच्या. कुणी आलंय का बघ गं, म्हणायच्या. पोस्टमनसुद्धा न येणाऱ्या वेळेला मी दार उघडून त्यांना रिकामा रस्ता दाखवायचे. सुरुवातीला गंमत वाटायची. नंतर मला स्वतःलाच दाराबाहेर बघायची भीती वाटायला लागली.

अकरा वर्षांपूर्वीच्या त्या दिवाळीच्या आधी आईंनी टाक चिंचेच्या पाण्यात भिजत घातले होते, आणि त्यांत यशोधनचं ते नाणं गेलं. डोळ्यांत त्यांच्या काही उरलं नव्हतं, सगळी नजर बोटांत होती. बोटांना दोन खांब लागले, खाली लाटा लागल्या. घाटाचे खांब आणि नदीचं पाणी. त्यांनी त्याला हळदकुंकू लावून देवात बसवलं. मुरलीधर आला म्हणाल्या.

या आठवड्यात दिवाळीसाठी देव घासायला काढले, तेव्हा ते माझ्या हाताला लागलं.

त्या दिवशी आमच्या घरात जे झालं ते तुम्हाला माहीत आहे, परत लिहीत नाही. एका म्हाताऱ्या बाईच्या चुकीपायी तुम्हाला जे सोसावं लागलं त्याबद्दल मी मनापासून क्षमा मागते. १ नोव्हेंबरला आपल्या मराठी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम आहे. तिथे सगळ्यांसमोर उभी राहून मी हे सांगणार आहे. तुमची हरकत असेल तर कळवा.

प्रकृतीला जपा.

आपली,
अलका


मेडनहेड,
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

शशिधर भाऊजी,

तुमचं उत्तर आलं नाही. बरं झालं आलं नाही. मागच्या पत्राला तुम्ही समजूतदारपणे उत्तर दिलं असतं तर मी तेवढ्यावर भागवलं असतं. मला ओळखता तुम्ही.

त्या पत्रातलं एक वाक्य खोटं होतं, आणि बाकीची वाक्यं त्या एका वाक्याला आडोसा म्हणून उभी केलेली होती. नाणं या आठवड्यात सापडलं नाही. ते मला २३ ऑक्टोबर २०१४ला सापडलं. तुम्ही आमच्या घरून गेलात त्यानंतर चौथ्या दिवशी.

आता तो रविवार लिहिते, कारण तो तुम्हाला तुमच्या बाजूनेच माहीत आहे. टेबलच्या एका टोकाला तुमची मखमल होती, दुसऱ्या टोकाला आईंचं टाकांचं ताट, कारण ओट्यावर चकल्यांचा पसारा होता. जेवायची वेळ झाली आणि तुमच्या दोघांचं काही उरकेना. म्हणून मी फणकाऱ्याने टेबल आवरलं. चमचे, भिंग, कागद, जे हाताला लागेल ते उचलून बाजूला केलं. नाणं ताटात आईंनी टाकलं नाही. दुसरं कुणी टाकणं शक्य नाही, ते मीच टाकलं. मुद्दाम नाही, पण मीच.

जेवणं झाली, टाकांचं ताट आईंकडे आत गेलं, तुम्ही मखमलीपाशी परत बसलात आणि एक नाणं कमी भरलं. यशोधन टेबलाखाली शोधत होता. तो एक अक्षर बोलला नाही, हे मला आज त्याच्या बाजूने सांगायचं आहे. बोलले मी. माझे शब्द तुम्हाला पाठ असतील, मलाही आहेत. "भाऊजी, चुकून तुमच्या कोटाच्या खिशात तर नाही ना राहिलं?"

तुम्ही उठलात. आधी कोटाचे खिसे, मग पँटचे. रुमाल, ऑइस्टर कार्ड, चष्म्याचं घर, स्ट्रेप्सिल्सची पट्टी, सुलक्षणाच्या अक्षरातली भाजीची यादी. सगळं एकेक करून टेबलावर ओळीत ठेवलंत. सुलक्षणा दारात उभी होती, हातात वड्यांचा रिकामा डबा. खिशांची पांढरी अस्तरं तुमच्या दोन्ही बाजूंना बाहेर लोंबत होती आणि तुम्हाला ती आत घालायचं सुचत नव्हतं.

तेव्हाच आईंनी आतून विचारलं होतं, की टाक एक जास्त कसा झाला, सात होते, हाताला आठ लागतायत. मी त्यांना गप्प बसवलं. माझा सगळा जन्म एक्स-रे आणि स्कॅनमधल्या सावल्या वाचण्यात गेला. दुसऱ्यांच्या नजरेतून सुटलेलं मी शोधून काढायचे. आणि माझ्या घरातलं एक साधं वाक्य मला ऐकून घेता आलं नाही.

चौथ्या दिवशी लक्ष्मीपूजन. मी निरांजन ओवाळायला वाकले आणि सात टाकांच्या शेजारी, नव्या कोऱ्या कुंकवात, ते बिस्किट बसलेलं दिसलं. दोन खांब, लाटा. आई माझा हात धरून म्हणाल्या, "अलका, मुरली आला गं. शेवटी आला."

ते काढून घ्यायला माझा हात पुढे झाला होता. पण त्यांचा चेहरा मी बघितला. त्या संध्याकाळी आई दाराशी गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी गेल्या नाहीत. पुढची दोन वर्षं, मरेपर्यंत, एकदाही गेल्या नाहीत. पंचेचाळीस वर्षांचं वाट पाहणं एका नाण्यावर थांबलं होतं, आणि ते उचलून, आई, हे स्पेनच्या राजाचं आहे, असं मी सांगू शकले नाही. हे खरं आहे, आणि मी स्वतःला हेच सांगत आले.

पण यशोधनला तर सांगता आलं असतं. तुम्हाला फोन करता आला असता. भाऊजी, सापडलं, पण आईंसाठी तिथेच राहू देतो आहोत, एवढं बोलायला किती वेळ लागतो? तुम्ही दोघं दुसऱ्या दिवशी हसत आला असतात. मी फोन केला नाही, कारण खिसे मी बघायला लावले होते. आणि तोवर मी ते मंडळातल्या एकीला बोलूनही बसले होते. एकीलाच. आपल्या मंडळात एकीला सांगणं म्हणजे काय, ते तुम्ही भोगलंत. त्या दिवाळीला तुमच्या टेबलाशी कुणी बसलं नाही. चौदा वर्षं गणपतीची प्राणप्रतिष्ठा तुमच्या हातून झाली, पुढच्या वर्षी तुम्हाला कुणी विचारलं नाही. तुम्ही घर विकून क्रॉयडनला गेलात आणि लोक म्हणाले, मुलाच्या जवळ गेले. मीही म्हणाले.

अजून एक आहे, आणि ते लिहायला मला दोन चहा लागले.

आई नोव्हेंबर २०१६मध्ये गेल्या. आता माझ्याकडे काहीच सबब नव्हती. सुतक फिटल्यावर देव पुन्हा मांडायचे होते आणि यशोधन म्हणाला, मी मदत करतो. तो लायब्ररीत पुस्तकं परत करायला गेला होता, तेवढ्यात मी ते नाणं सिंकमध्ये घेतलं आणि तारेच्या घासणीने घासलं. आईंच्या दोन वर्षांच्या चिंचेने ते झिजलं होतंच, पण E शिल्लक होतं, सत्तावन्न शिल्लक होतं. नखाखाली चांदीची काळी भुकटी जाईपर्यंत मी घासत राहिले. ज्या अक्षरासाठी माणसांचे जीव गेले, असं तुम्ही मला समजावलं होतंत, ते अक्षर मी काढून टाकलं. म्हणजे यशोधनने हातात घेतलं तरी त्याला ओळखू येऊ नये.

त्यानंतर तो रोज आंघोळ करून, चष्मा न लावता, देवासमोर हात जोडून उभा राहायचा. आठ वर्षं. आपल्या हरवलेल्या नाण्याला नमस्कार करायचा आणि ब्रेकफास्टला बसायचा. मी पूजा करायचे, नैवेद्य दाखवायचे. सातांवर फूल ठेवताना देवांची नावं घ्यायचे. आठव्यावर ठेवताना मुरलीधरचं नाव घ्यायला हवं होतं, पण ते कधी तोंडी आलं नाही. तिथे मला तुमच्या खिशांची अस्तरं दिसायची. यशोधनच्या पँटी इस्त्री करताना मी खिसे आधी आत ढकलायचे आणि मग दुसरीकडे बघत इस्त्री फिरवायचे. आईंना दाराबाहेर जे दिसायचं ते एवढं वाईट नसावं.

सुलक्षणा गेली तेव्हा यशोधन काळा कोट घालून स्टेशनपर्यंत गेला आणि तासाभराने परत आला. मला म्हणाला, गाडी चुकली. मला वाटलं, अजून राग आहे. मीही काही विचारलं नाही. आमच्या घरात न विचारण्याची चांगलीच शिस्त होती.

या सप्टेंबरमध्ये मी त्याची नाण्यांची वही उघडली. प्रत्येक नाणं कागदावर ठेवून तो पेन्सिलीने कडेकडेने रेघ मारून घ्यायचा. चांभार पायाचं माप घेतो तसं. हाताने छाटलेल्या नाण्यांत दोन नाण्यांची कड कधी सारखी नसते, हेही तुम्हीच त्याला शिकवलं असणार. त्या खांबांच्या नाण्याचं पान होतं. आकृती, वजन, साल, पारखी: E. खाली 'गहाळ, ऑक्टोबर २०१४'. आणि त्याच पानावर, त्याच्या खाली, दुसरी आकृती. तीच कड, तोच कोपरा तिरका छाटलेला. तारीख १२ मार्च २०१७. 'पारखी' एवढं लिहून पुढे जागा मोकळी सोडलेली. आणि एकच शब्द: 'घरीच.'

मी ते नाणं देवातून आणून त्या रेघेवर ठेवलं. केसाइतकाही फरक नव्हता.

म्हणजे त्याला माहीत होतं. नाणं कुठे आहे तेही, आणि अक्षर कुणी घासलं तेही. आणि हे माहीत असलेला माणूस आठ वर्षं माझ्यासमोर बसून टोस्टला लोणी लावत होता. तो स्टेशनवरून परत आला तो रागाने नाही. तुम्हाला काय तोंड दाखवणार म्हणून परत आला. मला वाचवायला त्याने तुमचा बळी दिला, आणि आईंना जपते आहे असं म्हणत मीही तेच केलं होतं. मला त्याचा इतका संताप आला, की मी मोठ्याने भांडले त्याच्याशी, रिकाम्या घरात. गेलेल्या माणसाशी भांडून काही मिळत नाही. शेवटी मीच रडत बसले. त्याने मला एकदा विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं म्हणायची सोय आहे. पण मी सांगितलं नसतं.

काल मी मंडळात बोलले.

लीझर सेंटरचा, मंडळाच्या कार्यक्रमांचा तोच हॉल. रांगोळीची बक्षिसं झाली, आणि प्रणव म्हणून आता सेक्रेटरी आहे, नागपूरचा, इथे सॉफ्टवेअरमध्ये, गुणी मुलगा, त्याने मला दोन मिनिटं माइक दिला. मी कागद नेला होता, तो बाजूला ठेवला आणि सगळं सांगितलं. खिसे, देवघर, चौथा दिवस, घासणी, मंडळात मी उठवलेली आवई. तुमचं नाव स्पष्ट घेतलं, डॉक्टर शशिधर असं, दोनदा. कुणीतरी उठून माझा धिक्कार करील, अशी तयारी करून गेले होते.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाऊजी, टाळ्या. दीडशे माणसं, बहुतेक सगळी तिशीतली, कडेवर मुलं. त्यांना ते प्रामाणिकपणावरचं भाषण वाटलं. मग पार्किंगमध्ये कुणाची तरी गाडी आडवी लागल्याची अनाउन्समेंट झाली आणि जेवणाची रांग लागली. प्रणव माझ्यासाठी पाण्याचा ग्लास घेऊन आला आणि हळूच म्हणाला, "काकू, सॉरी, पण हे शशिधर काका कोण? लिस्टमध्ये त्यांचं नावच नाहीये."

त्याच्या फोनवर पाचशे नावं होती. आपल्या वेळचं एक नव्हतं. कुणी पुण्याला परत गेलं, कुणी मुलांकडे, कुणी वर. ज्या एकीला मी सांगितलं होतं ती केअर होममध्ये आहे, तिला स्वतःचं नाव आठवत नाही. ज्यांच्यासमोर मी तुमचं नाव घालवलं ते लोकच आता नाहीत. ते कुणाकडून परत घेऊन तुम्हाला देऊ? माझ्याकडे मोठी क्षमा मागायची तयारी होती आणि ती ऐकायला त्या हॉलमध्ये कुणी नव्हतं. या देशात आता तुमचे उलटे खिसे आठवणारी दोनच माणसं उरली आहेत.

मुरलीधरला मी बेघर करणार नाही. वाईच्या सोनाराकडे त्याचा खरा टाक करायला दिला आहे, तो आला की त्याच्या जागी बसेल. नाणं आणि वही मी बाहेर काढून ठेवली आहे. नाण्यावर आता अक्षर नाही, साल नाही, त्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. मी क्रॉयडनला येऊन तुमच्या दारात उभी राहू शकते. पण मग तुम्हाला दार उघडावं लागेल, तुमचा सभ्यपणा आड येईल, आणि त्याचा फायदा मी एकदा घेतला आहे. १६ तारखेला तिसरा रविवार आहे. ईस्ट क्रॉयडनहून फॅरिंग्डन आणि तिथून एलिझाबेथ लाइन थेट मेडनहेडपर्यंत येते. मी घरी असेन. नाही आलात तर तो तुमचा हक्क आहे, मी पुन्हा पत्र लिहून छळणार नाही.

त्या दिवशी निघताना, सुलक्षणा पुढे गाडीत जाऊन बसली होती, तुम्ही एका हाताने खिसा आत सारत दाराशी थांबलात आणि नेहमीसारखं म्हणालात, "येतो, वहिनी." एवढं झाल्यावरसुद्धा. मी उत्तर दिलं नाही. दार लावलं. दारात निरोप घेणाऱ्याला जो एक शब्द कुणीही देतं, तो मी तुम्हाला दिला नाही. तो अकरा वर्षं माझ्यापाशीच राहिला आहे.

या.

अलका